खानदेशातला उन्हाळा आणि गाडीच्या बॅटरीचे दहावे वर्ष

विजेवर चालणारी मोटार घेतल्यापासून जळगावात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न बॅटरीच्या आयुष्याचा आहे. पारोळ्याकडचे आमचे एक वडीलधारे नातलग भेटले की अहिराणीत सरळच विचारतात, "भाऊ, बॅटरी कितला वरीस टिकस?" आणि उत्तराची वाट न पाहता नवी बॅटरी गाडीच्या निम्म्या किमतीला पडते, असे स्वतःच सांगून मोकळे होतात. प्रश्न रास्त आहे. मात्र त्यामागे जे चित्र आहे ते बहुतांशी घरातल्या इन्व्हर्टरवरून आलेले आहे. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक घराने ती बॅटरी सांभाळली आहे: डिस्टिल्ड वॉटर घालायचे, चार-पाच वर्षे काढायची आणि एके संध्याकाळी तिने दहा मिनिटांत मान टाकली की जुनी देऊन नवी आणायची. ई-रिक्षावाल्यांचा शिसे-आम्ल बॅटरीचा अनुभव याहून कडू आहे, आणि २००१ साली रस्त्यावर आलेली बंगळुरूची छोटी रेवा मोटारही सुरुवातीला त्याच जातीच्या बॅटरीवर चालत असे. लिथियम-आयन बॅटरी मात्र सहसा अशी एकाएकी मान टाकत नाही. ती वर्षानुवर्षे थोडी थोडी आटत जाते. तेव्हा बॅटरी किती वर्षे टिकेल यापेक्षा, दहाव्या वर्षी तिच्यात माझ्या कामापुरते अंतर शिल्लक असेल का आणि ते खानदेशच्या उन्हात शिल्लक राहावे म्हणून काय करता येईल, असे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

उन्हाचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण या विषयातला सर्वांत गाजलेला धडा एका उष्ण गावानेच दिला आहे. निसान कंपनीने लीफ ही मोटार डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आणली. तिची बॅटरी २४ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत २४ युनिटांची होती, आणि ती थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवण्याची किंवा पंख्याची कोणतीही सोय तिच्यात नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स परिसरातील मालकांच्या लक्षात आले की, पडद्यावर क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी एकेक पट्टी विझू लागली आहे, आणि तीही गाडी घेऊन दोन वर्षे होण्याच्या आत. थंड प्रदेशातल्या त्याच गाड्यांची तक्रार इतकी तीव्र नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले. पाच वर्षे किंवा साठ हजार मैलांच्या आत क्षमता नऊ पट्ट्यांच्या खाली गेल्यास बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे कंपनीने मान्य केले, आणि पुढे २०१५ च्या गाड्यांमध्ये उष्णता अधिक सोसणारी रासायनिक रचना वापरली. फीनिक्सचे जून-जुलैतले तापमान भुसावळच्या माणसाला परके वाटण्यासारखे नाही, म्हणून लीफ भारतात विकली गेली नसली तरी ही हकिगत मला आपल्याच घरची वाटते.

उन्हाने नेमके काय बिघडते, हे समजून घेतल्याखेरीज पुढची काळजी आंधळेपणाने घेतली जाते. बॅटरी अनेक छोट्या सेलची मिळून बनते आणि प्रत्येक सेलमध्ये ग्राफाइटचे एक अग्र (इलेक्ट्रोड) असते. पहिल्या काही चार्जिंगमध्येच इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे सेलमधल्या रासायनिक द्रवाचा, थोडा भाग त्या ग्राफाइटवर विघटित होऊन एक अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर आवश्यकच असतो, कारण तो पुढची झीज बऱ्याच अंशी थोपवून धरतो. परंतु तो पूर्णपणे थांबत नाही. अगदी सावकाश जाड होत राहतो आणि जाड होताना, ज्या लिथियमने इकडून तिकडे ये-जा करायची तेच लिथियम कायमचे अडकवून टाकतो. ही रासायनिक क्रिया असल्यामुळे तापमानाला ती फार संवेदनशील आहे. दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम अभियंते सांगतात. सेल पूर्ण भरलेला असताना ही क्रिया आणखी जोर धरते. महत्त्वाची गोष्ट अशी की यासाठी गाडी चालावी लागत नाही. ती अंगणात नुसती उभी असली तरी झीज चालूच राहते, आणि म्हणूनच हिला कॅलेंडरप्रमाणे होणारी झीज म्हणतात. दुसरी झीज वापराची. चार्ज-डिस्चार्जच्या प्रत्येक फेऱ्यात अग्रांमधील कण फुगतात, आकसतात आणि कालांतराने त्यांना तडे जातात.

या दोहोंपैकी खानदेशातल्या सामान्य मालकाने कोणत्या झिजेची धास्ती घ्यावी, याचा हिशोब अवघड नाही. माझ्या गाडीची बॅटरी ३० युनिटांच्या आसपासची आहे आणि एका युनिटात ती साधारण साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात जवळपास दोनशे किलोमीटर होतात. लिथियम-आयन बॅटरीतल्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट या जातीचे सेल दोन हजार फेरे सहज काढतात, चांगले असतील तर त्याहून बरेच अधिक. दोन हजार फेरे धरले तरी चार लाख किलोमीटर झाले. वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला तेवढे अंतर कापायला पाव शतकाहून अधिक काळ लागेल. फेरे संपण्याच्या कितीतरी आधी कॅलेंडर आपले काम करून जाणार आहे. त्यामुळे जलद चार्जिंग महिन्यातून किती वेळा करावे यावर लोक जितका वेळ घालतात, तितका वेळ त्यांनी गाडी दुपारी कुठे उभी असते याचा विचार करण्यात घालवला, तर अधिक फायदा होईल असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या मे महिन्याचे गणित असे. दुपारी पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि रात्रीही अनेकदा अठ्ठावीस-तिसाच्या खाली उतरत नाही. बॅटरी अडीच-तीन क्विंटल वजनाची असल्याने ती पटकन तापत नाही, पण एकदा तापली की पटकन निवतही नाही. सावलीत उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी दिवसरात्रीच्या सरासरीजवळ, म्हणजे छत्तीस-सदतीस अंशांच्या आसपास राहते. हीच गाडी दिवसभर उघड्या डांबरी आवारात उभी असेल, तर वरून तापलेला पत्रा आणि खालून तापलेला रस्ता मिळून हा आकडा वर ढकलतात. द्रवाने थंड करणारी यंत्रणा आज बहुतेक चारचाकींत असते खरी, पण ती सामान्यतः गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला लावलेली असतानाच काम करते. बंद करून ठेवलेल्या गाडीची ती सहसा दखल घेत नाही. उलट पौष-माघात धुळ्याकडे पारा आठ अंशांच्या खाली जातो, तेव्हा ही झीज जवळजवळ झोपी गेलेली असते. थंड सेलमध्ये चार्जिंग थोडे हळू होते आणि ब्रेक लावताना परत मिळणारी वीज घटते, पण त्याने आपल्या हवामानात कायमचे नुकसान होण्यासारखे फारसे काही नाही. बर्फाळ देशांतल्या मालकांनी लिहिलेल्या सूचना आपण जशाच्या तशा उचलू नयेत, याचे हेही एक कारण आहे.

मी काय करतो ते सांगतो. गाडी कडुनिंबाखाली उभी करतो. पत्र्याची शेड दिसायला भक्कम असते, पण मेमध्ये ती स्वतःच तापून खाली उष्णता ओतते, त्यामुळे शेड बांधायचीच असेल तर ती उंच आणि चारी बाजूंनी मोकळी असावी. चार्जिंग उत्तररात्री सुरू होईल अशी वेळ लावून ठेवतो, म्हणजे बॅटरी थोडी निवलेली असते आणि भरून झाल्यावर तासन्‌तास भरलेल्या अवस्थेत पडून राहत नाही. उन्हाळी सुट्टीत रेल्वेने बाहेरगावी जाताना ती निम्म्यापर्यंत ठेवून जातो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीचा एक हट्ट मात्र पुरवावा लागतो: तिचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहत असल्यामुळे किती चार्ज उरला आहे याचा अंदाज गाडीच्या संगणकाला नीट येत नाही, आणि म्हणून तिला अधूनमधून शंभर टक्के भरावे असे उत्पादक सांगतात. ते मी लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री करतो, म्हणजे भरलेली बॅटरी सकाळी लगेच रिकामी होऊ लागते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीची बॅटरी असेल, तर रोजच्या वापरासाठी ऐंशी टक्क्यांची मर्यादा बरी. आपली बॅटरी कोणत्या जातीची आहे हे गाडी घेतानाच विचारून घ्यावे, कारण एकाच नावाच्या गाडीतही ते बदलते. एमजीच्या झेडएस ईव्हीमध्ये पूर्वी ४४.५ युनिटांची निकेलवाली बॅटरी होती. २०२२ पासून ५०.३ युनिटांची लिथियम-आयर्न-फॉस्फेट आली.

आता आकड्यांकडे वळू. वाहनांची माहिती गोळा करणाऱ्या जिओटॅब या कॅनडाच्या कंपनीने हजारो विजेच्या गाड्यांची नोंद तपासून सरासरी झीज आधी वर्षाला २.३ टक्के सांगितली होती आणि २०२४ मध्ये नव्या गाड्या धरून ती १.८ टक्के सांगितली. या गाड्या बहुतांश थंड किंवा समशीतोष्ण देशांतल्या आहेत. त्यामुळे जळगावच्या हिशोबासाठी मी वर्षाला अडीच टक्के धरतो. हा माझा सावध अंदाज आहे, मोजलेले सत्य नव्हे. शिवाय ही झीज सरळ रेषेत होत नाही. सुरुवातीच्या काळात घट जास्त दिसते आणि नंतर वेग मंदावतो, म्हणून पहिल्या वर्षी चार टक्के गेले की त्याला दहाने गुणून घाबरणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. आयुष्याच्या अगदी उत्तरार्धात घट पुन्हा वेगाने होऊ शकते, पण तो टप्पा नीट सांभाळलेल्या बॅटरीत बराच उशिरा येतो.

अडीच टक्क्यांनी दहा वर्षांत पंचवीस टक्के जातात. ३० युनिटांतून साडेबावीस उरतात. मेमध्ये वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून महामार्गावर एका युनिटात साडेपाच किलोमीटर धरले, तर एकशे चोवीस किलोमीटर झाले. त्यातले पंधरा टक्के हाताशी राखून ठेवले की एकशे पाच उरतात. नव्या गाडीला याच हिशोबाने एकशे चाळीस मिळतात. जळगावहून भुसावळला जाऊन येणे पन्नास किलोमीटरचे आहे. त्या माणसाला दहाव्या वर्षीही बॅटरी आटल्याचे जाणवणार नाही. एरंडोल-पारोळ्यावरून धुळे पंचाण्णवच्या आसपास आहे. ते एका दमात होईल, पण जेमतेम, आणि परतीसाठी धुळ्यात चार्जिंग करावे लागेल. अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगर गाठायचे, म्हणजे सुमारे एकशे साठ किलोमीटर जायचे, तर पहिल्या वर्षी जिथे थांबावे लागते तिथेच दहाव्या वर्षीही थांबावे लागेल. हाच हिशोब ४५ युनिटांच्या बॅटरीला लावला, तर दहाव्या वर्षी जवळपास एकशे साठ उरतात. तेव्हा ज्याचे धुळे-नाशिक नेहमीचे आहे, त्याने नंतर बॅटरी बदलण्याचा विचार करण्याऐवजी आधीच मोठी बॅटरी घ्यावी. शोरूममधल्या फलकावरचे अंतर या कामी निरुपयोगी असते.

स्वतःच्या बॅटरीची तब्येत मोजायची असेल, तर पडद्यावर दिसणाऱ्या उरलेल्या किलोमीटरांवर विसंबू नये. तो आकडा तुमच्या मागच्या काही प्रवासांवरून काढलेला असतो. मी हिवाळ्यात, साधारण सारख्याच हवामानात, शंभर टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत गाडी चालवतो, गाडीने दाखवलेली सरासरी आणि कापलेले अंतर यांवरून खर्च झालेली युनिटे काढतो आणि त्यावरून पूर्ण क्षमता ठरवतो. घरच्या मीटरवरून मोजायचे असेल, तर चार्जिंगमध्ये दहा ते पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते हे लक्षात ठेवावे. काही उन्हाळे काढल्यावर माझी बॅटरी नव्वद टक्क्यांच्या थोडी खाली-वर दिसते. एका वर्षी आकडा आधीच्यापेक्षा जास्त आला, यावरूनच घरगुती मोजणीची अचूकता किती असते ते कळावे.

बॅटरी बदलण्याच्या खर्चाबद्दल मात्र लोक अतिशयोक्ती करतात असे मी म्हणणार नाही, कारण आज ती खरोखरच महाग आहे. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या वार्षिक पाहणीनुसार बॅटरीची जागतिक सरासरी किंमत २०१० साली प्रतियुनिट हजार डॉलरच्या वर होती. २०२३ मध्ये ती १३९ डॉलर आणि २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. या भावाने ३० युनिटांचे ३,४५० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दोन लाख नव्वद हजार रुपये होतात. पण हा कारखान्यांना मिळणारा ठोक भाव आहे. सुटी बॅटरी घेणाऱ्याला आयात, वाहतूक, विक्रेत्याचा वाटा आणि मजुरी हे सारे भरावे लागते, आणि करही वेगळा. विजेच्या नव्या गाडीवर २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे, पण सुट्या लिथियम-आयन बॅटरीवर अठरा टक्के. जुनी गाडी आणखी दहा वर्षे चालवू पाहणाऱ्याला नवी घेणाऱ्यापेक्षा जास्त दराने कर द्यायला लावणे हे मला मुळीच पटत नाही.

दिलासा असा की संपूर्ण बॅटरी बदलण्याची वेळ फार थोड्यांवर येते. अमेरिकेतील रिकरंट या कंपनीने २०२३ मध्ये आपल्याकडे नोंदलेल्या हजारो गाड्या पाहिल्या, तेव्हा उत्पादकांनी परत बोलावलेल्या गाड्या वगळता सुमारे दीड टक्का गाड्यांचीच बॅटरी बदललेली आढळली. परत बोलावण्याचे मोठे उदाहरण शेवरोले बोल्टचे: सेलमधील निर्मितीदोषामुळे आग लागण्याचा धोका निघाला आणि २०२१ पर्यंत एक लाख चाळीस हजारांच्या आसपास गाड्या त्यात आल्या. तो दोष होता, झीज नव्हती, आणि खर्च मालकाच्या माथी आला नाही. बॅटरी अकाली अडते तेव्हाही बहुधा एखादा सेल किंवा मोड्यूल (सेलचा गट) इतरांच्या मागे पडलेला असतो, नाहीतर नियंत्रण करणारा सर्किट बोर्ड किंवा बॅटरी जोडणारा-तोडणारा एखादा कॉन्टॅक्टर (मोठा स्विच) बिघडलेला असतो. तेवढाच भाग बदलणे शक्य असते, परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी बॅटरी उघडणारे प्रशिक्षित हात कमी आहेत. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी एका मोड्यूलसाठी कित्येक आठवडे अडून राहिली. वॉरंटीत असल्यामुळे त्यांना पैसे पडले नाहीत, पण केळीच्या तोडणीच्या दिवसांत भाड्याची गाडी करावी लागली.

वॉरंटीचे कागद शांतपणे वाचावेत. आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, अशी मुदत आपल्याकडे रूढ झाली. क्षमता किती खाली गेली की दावा करता येतो हा आकडा मात्र जाहिरातीत नसतो. तो पुस्तिकेत शोधावा लागतो आणि सापडला नाही तर लेखी मागावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२२ मध्ये ठरलेल्या जागतिक तांत्रिक नियमात पाच वर्षांनी किंवा एक लाख किलोमीटरला ८० टक्के आणि आठ वर्षांनी किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरला ७० टक्के क्षमता राहावी, अशी किमान पातळी दिली आहे; मागणी करताना हा आधार उपयोगी पडतो. अलीकडे महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांना आणि एमजीने विंडसरला बॅटरीची आजीवन हमी जाहीर केली, पण ती पहिल्या मालकासाठी. जुनी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला मर्यादित मुदत येते, म्हणून वापरलेली विजेची गाडी घेताना किलोमीटरइतकेच तिचे वय, ती कोणत्या गावात आणि कशा जागी उभी राहिली हे विचारावे. नाशिकमध्ये पोर्चखाली वाढलेली पाच वर्षांची गाडी भुसावळच्या उघड्या मैदानात राहिलेल्या तीन वर्षांच्या गाडीपेक्षा सरस निघाली, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सत्तर टक्क्यांवर आलेली बॅटरी गाडीसाठी अपुरी असली तरी जागेवर बसून वीज साठवायला ती चांगलीच समर्थ असते. रावेर-यावलच्या केळीबागांना शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीची मिळते, आणि साप-विंचवांच्या धास्तीत पाणी द्यायला निघणारा शेतकरी हे आपल्याकडचे जुने दुखणे आहे. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला पावणेचार युनिटे घेतो. एकवीस युनिटे उरलेली जुनी बॅटरी, वाटेतले नुकसान धरूनही, तो साडेचार-पाच तास चालवू शकेल. दिवसा सौर पॅनेलवर भरायची आणि पंपाला पहाटे लावायची. हे गावातल्या मेस्त्रीकडून जुळवून घेण्याचे काम मात्र नव्हे. गाडीच्या बॅटरीत तीनशे व्होल्टच्या पुढचा एकदिश प्रवाह असतो, तो घरातल्या विजेपेक्षा कितीतरी घातक आहे, आणि संगणकी नियंत्रण तोडून सेल वापरले तर आग लागू शकते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर किंवा पुनश्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे आणि २०२६-२७ पासून त्यातील ९० टक्के पदार्थ परत मिळवण्याचे लक्ष्य ठेवले आहे. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट व निकेल नसल्यामुळे भंगार म्हणून तिला भाव कमी येतो, म्हणून ती वितळवण्याआधी आणखी काही वर्षे पंपावर किंवा दुकानाच्या छतावरील सौरसंचाला जोडून चालवणे आर्थिकदृष्ट्याही शहाणपणाचे ठरेल. तपासून, प्रमाणपत्र देऊन अशा जुन्या बॅटऱ्या शेतकऱ्याला विकणारी व्यवस्था खानदेशात उभी राहिली, तर माझी बॅटरी तिथे देण्याची माझी तयारी आहे.